ढब्बीच्या शेपटीचं बूच

मित्रांनो, मी एक जुनी, पिवळी, दोघांनी मिळून चालवायची कयाक आहे. कयाक म्हणजे छोटी, निमुळती होडी. दोन्ही टोकांना पातं असलेलं वल्हं घेऊन ती चालवतात. आमच्या क्लबातल्या बाकीच्या कयाक एकेकट्या माणसाच्या, सडपातळ आणि भलत्याच नखरेल आहेत. मी मात्र रुंद, बुटकी आणि गोल पोटाची. म्हणून सगळे मला ढब्बी म्हणतात. आधी मला त्याचा फार राग यायचा. आता कोणी नुसतं 'ती पिवळी कयाक' म्हणालं, तर हे कोणाबद्दल बोलताहेत, असा मलाच प्रश्न पडतो.

माझा जन्म भट्टीतला. पिवळ्या प्लास्टिकची भुकटी एका मोठ्या साच्यात ओतली, साचा घट्ट बंद केला आणि भट्टीत घालून गरगर फिरवला. भुकटी वितळून साच्याच्या भिंतींना चिकटली, मधे पोकळी राहिली आणि झाले मी! इतकी गरगर फिरले होते, की साचा उघडला तेव्हा समोरच्या माणसाला किती डोकी आहेत तेच मला कळेना. शेवटी एका बाईंनी माझ्या शेपटीकडच्या छोट्या भोकात काळं बूच पिळून बसवलं. मग माझ्या पाठीवर थाप मारून त्या म्हणाल्या, "हे तेवढं सांभाळ गं बाई, बाकी तुला काही होत नाही."

त्या बाई अगदी खरं बोलल्या होत्या. माझं पोट पोकळ आहे, म्हणून मी तरंगते. पोटात चुकून थोडं पाणी गेलं, तर बूच काढून ते ओतून टाकायचं आणि पाण्यात उतरण्याआधी बूच परत लावायचं. एवढंच काय ते माझं दुखणंखुपणं.

क्लबात आले तेव्हा माझी काय ऐट होती म्हणून सांगू! दर रविवारी क्लबातली मंडळी किनाऱ्याकिनाऱ्याने वल्हवत निघायची आणि वाटेत पक्षी, मासे, खेकडे, जे दिसेल ते बघत यायची. नव्या माणसाला पहिल्यांदा माझ्यातच बसवायचे, कारण मी काही केल्या उलटत नाही. नवराबायकोही हौसेने माझ्यात बसायचे. पुढचा म्हणायचा डावीकडे, मागचा म्हणायचा उजवीकडे, आणि मी आपली जागच्या जागी गिरक्या घेत राहायची. माझ्यात बसूनही भांडली नाहीत अशी जोडपी मी बोटांवर मोजून दाखवीन, आणि मला तर बोटंच नाहीत!

पुढे क्लबात नव्या सडपातळ कयाक आल्या आणि माझे दिवस फिरले. शेडमधल्या फळ्यांपैकी मी अगदी खालच्या फळीवर गेले. माझ्या पुढच्या बैठकीत कोणी ओली लाइफ जॅकेटं टाकायचं, मागच्या बैठकीत कोणी रिकामे डबे ठेवायचं. एका कोळ्याने तर माझ्या पायटेकणीवर असं ऐसपैस जाळं विणलं, की जणू घर त्याच्याच नावावर होतं. वाईट वाटायचं हो. समुद्राचा आवाज रोज ऐकू यायचा, पण समुद्र काही भेटायचा नाही.

अशात माझ्याकडे नाना आणि त्यांची सूनबाई आले.

नाना रंगारी होते. घरं, दुकानं, शाळा, सगळं त्यांनी रंगवलेलं. आमच्या शेडचं निळं दारही त्यांच्याच हातचं. त्यांची स्वतःची लाल कयाक होती आणि ती ते एकटे चालवायचे. पण म्हातारपणी त्यांच्या डोळ्यांनी असहकार पुकारला. समोरचं सगळं धुरकट झालं, फक्त कडेकडेचं थोडं दिसायचं. आमच्या क्लबाची एक पद्धत आहे. ज्याला प्राणी दिसेल त्याने आरडाओरडा करायचा नाही, वल्हं सरळ वर उभं धरायचं. एक वल्हं उभं राहिलं की सगळ्यांनी जागच्या जागी थांबायचं आणि चिडीचूप व्हायचं. धोका असला तरी हीच खूण, फक्त मग वल्हं हलवायचं. ज्याला उभं वल्हं दिसत नाही, त्याने एकट्याने समुद्रात जायचं नाही, हा नियम. नानांनीच तो कधीकाळी केला होता. त्यांनी गुपचूप आपली लाल कयाक विकली आणि रविवारी नुसतेच शेडच्या पायरीवर येऊन बसू लागले.

त्यांचा मुलगा पाण्याला असा घाबरतो, की भरलेल्या बादलीकडेही लांबूनच बघतो. तो काय नेणार त्यांना? पण सूनबाई निराळी होती. तिचं केस कापायचं दुकान. दिवसभर हाताबरोबर तोंडही चालवायची सवय. एका रविवारी तिने मला खालच्या फळीवरून खस्सकन बाहेर ओढलं, कोळ्याला हात जोडून निरोप दिला आणि सगळ्यांना सांगितलं, "मी पुढे बसते, नाना मागे बसतील. मला पोहता येतं आणि बोलता येतं. अजून काय लागतं?"

तेव्हापासून आमचं तिघांचं जमलं. नाना मागून मला वळवायचे, सूनबाई पुढून सांगायची. आणि सांगायची म्हणजे काय, धबधबाच! नाना पडले रंगारी, त्यांना नुसतं 'निळं' चालायचं नाही.

"निळं म्हणजे कुठलं निळं?" ते विचारायचे.

"अहो, शेडच्या दारासारखं."

"रंगाचा पहिला हात की दुसरा?"

"पहिला हात. तोसुद्धा पाणी जास्त घातलेला."

मग नाना मान डोलवायचे आणि म्हणायचे, "हां, आता दिसलं."

क्लबाचे सेक्रेटरी डॉक्टर होते, दातांचे. माणूस शिस्तीचा, मनाने चांगला, पण शांततेचा मोठा भोक्ता. त्यांच्यासमोर दिवसभर सगळे तोंड उघडतात, पण बोलत कोणीच नाही, तेव्हा त्यांना ती सवयच लागली असणार. त्या वर्षी खाडीच्या तोंडाशी पाणमांजरं आली होती. ओल्या वाळूत त्यांची पावलं दिसायची, माशांचे खवले दिसायचे, पण पाणमांजर मात्र काही केल्या दिसत नव्हतं. डॉक्टरांच्या मते याचं कारण एकच होतं, आणि ते माझ्या पुढच्या बैठकीत बसत होतं.

एका शनिवारी संध्याकाळी शेडमध्ये बैठक झाली. डॉक्टर म्हणाले, "दोन नव्या कयाक येताहेत, जागा नाहीये. ही ढब्बी हळू चालते, हिच्यामुळे सगळ्यांना थांबावं लागतं, आणि आता पोटात पाणीही घ्यायला लागली आहे. मला वाटतं, हिला मधोमध कापावं आणि फाटकापाशी दोन बाजूंना दोन कुंड्या कराव्यात. पिवळ्या कुंड्यांत लाल फुलं छान दिसतील."

मित्रांनो, तुमच्यासमोर कोणी तुमच्या कुंड्या करायचं बोललं आहे का? माझ्या पोटात नुसता गोळा आला. पोकळ पोटात गोळा आला की तो फार घुमतो.

सूनबाई ताडकन उठली. "आणि नानांनी काय करायचं? दोघांची कयाक ही एकच आहे. हिच्या कुंड्या केल्यात तर नाना काय कुंडीत बसून समुद्रात जाणार?"

नाना खाली मान घालून बसले होते. "जाऊ दे सूनबाई," ते हळूच म्हणाले. "माझं झालंय फिरून."

त्या हळू आवाजाने डॉक्टर जरा वरमले. ते म्हणाले, "ठीक आहे. उद्या शेवटचं बघू. ढब्बी उद्या पोटात थेंबभर पाणी न घेता कोरडी परत आली, तर ठेवू. आता मी स्वतः हिला धुऊनपुसून तयार करतो, म्हणजे नंतर कोणाची तक्रार नको." बाकी सगळे घरी गेले. डॉक्टरांनी माझं नाक उंच उचलून धरलं, शेपटीचं बूच काढलं, आतलं होतं नव्हतं ते पाणी ओतलं. तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. कोणाचीतरी दाढ ठणकत होती. डॉक्टर तसेच फोनवर बोलत बोलत, "गरम पाण्याच्या गुळण्या करा, येतोच मी," म्हणत दार ओढून गेले. आणि जाताना माझं बूच जॅकेटच्या खिशात घालून घेऊन गेले!

मी हाका मारून दमले. पण कयाकची हाक ऐकू कोणाला येणार?

रविवारी सकाळी माणसं जमली. एरवी पाण्यात उतरण्याआधी नाना माझ्या शेपटीवरून हात फिरवून बूच चाचपायचे. डोळे नसले तरी अंगठा होता ना! त्या दिवशीही त्यांनी हात पुढे केला, तोच डॉक्टर म्हणाले, "नाना, आज नको. मी कालच सगळं बघून ठेवलंय. परीक्षा आहे ना, तुम्ही हात लावायचा नाही." नानांनी शहाण्यासारखा हात मागे घेतला. माझ्या भोकात गार वारा शिरत होता आणि मी मनातल्या मनात कपाळ बडवत होते.

निघालो. सकाळ इतकी सुंदर होती, की काळजीतसुद्धा मला मजा वाटत होती. खडकांवर पाणकावळे पंख पसरून वाळत बसले होते. "अंगणात छत्र्या सुकत ठेवाव्यात ना, तसे," सूनबाईने सांगितलं. एक खंड्या डोळ्यांसमोरून सुर्रकन गेला. "नाना, त्याचं निळं मात्र एकदम शेवटचा हात!" सूनबाई ओरडली. पुढून डॉक्टरांनी मागे वळून ओठांवर बोट ठेवलं. सूनबाईने जीभ चावली आणि पुढचं सगळं कुजबुजून सांगायला घेतलं. तिची कुजबुज दोन होड्या सोडून तिसरीत सहज ऐकू जायची, हा भाग वेगळा.

इकडे प्रत्येक लाटेबरोबर माझ्या शेपटीतून घोटघोट पाणी आत येत होतं. खाडीचं तोंड येईपर्यंत मी इतकी जड झाले, की नाना दर वल्ह्याला कण्हू लागले. सगळ्यांच्या मागे राहून कोणी सुटत नाही ना ते बघणारे बेकरीवाले काका आमच्या बाजूला आले. "काय हो नाना, आज ढब्बी जेवून आली वाटतं?" ते म्हणाले, आणि मग माझी शेपटी पाण्यात बुडालेली बघून त्यांचं हसू मावळलं.

ओहोटी लागली होती. जवळच वाळूचा एक दांडा उघडा पडला होता. काकांच्या मदतीने दोघांनी मला तिथे ओढलं. काका पुढच्यांना थांबवायला घाईघाईने गेले. सूनबाई बूच काढायला शेपटीकडे गेली आणि बघते तर बूच गायब! "पडलं वाटतं कुठेतरी," ती म्हणाली. तिने माझं नाक एका खडकावर टेकवून उंच केलं, आणि माझ्या पोटातलं पाणी शेपटीतून बारीक धारेने वाळूवर पडू लागलं. दोघं माझ्या कुशीला टेकून बसली.

आणि मित्रांनो, सूनबाई गप्प झाली. पहिल्यांदा. दुकानात नाही, घरात नाही, समुद्रात नाही, कधी म्हणून गप्प न बसलेली ती बाई गुडघ्यांवर हनुवटी ठेवून गप्प बसली. धार पडत राहिली. पाणी काही संपेना.

"सूनबाई," नाना म्हणाले, "बोल ना काहीतरी."

"काय बोलू, नाना? गेली आपली ढब्बी. आता तुम्हाला कशी आणू मी इथे?"

"ते राहू दे. पण तू बोल. तू गप्प बसलीस की मला काहीच दिसत नाही."

सूनबाईच्या डोळ्यांतून टपटप पाणी पडायला लागलं. माझ्या शेपटीतूनही पडत होतं. नानांनी चाचपडत तिच्या डोक्यावर हात ठेवला. आता मात्र मला रडू आवरेना, पण माझं रडणं वेगळं ओळखू कसं येणार?

तेवढ्यात माझ्या नाकावर काहीतरी ओलं टेकलं.

आधी एक चपटं डोकं आलं. मिशा, काळे मणीदार डोळे. मग दोन छोटी डोकी. पाणमांजर! आई आणि तिची दोन पिल्लं! आईने मला नाकापासून हुंगलं, जरा फुरफुरली आणि चक्क माझ्या पाठीवर चढली. तिच्या मागून पिल्लं चढली. मी उतरती, ओली आणि गुळगुळीत. एक पिल्लू सटकलं ते थेट शेपटीपर्यंत घसरत आलं आणि बदकन वाळूत पडलं. मला वाटलं, आता घाबरून पळणार. कसलं पळतंय! धावत पुन्हा माझ्या नाकाकडे गेलं, पुन्हा चढलं आणि पुन्हा घसरलं. मग दुसरं. मग आईसुद्धा! मित्रांनो, मी घसरगुंडी झाले होते, घसरगुंडी! त्या सडपातळ, नखरेल कयाकांवर घसरून दाखवा म्हणावं कोणी.

सूनबाईने श्वाससुद्धा रोखला. सवयीने तिचा हात वल्ह्याकडे गेला आणि तिने ते अलगद सरळ उभं धरलं.

"काय झालं?" नानांनी पुटपुटत विचारलं.

तिने दुसऱ्या हाताने नानांचा तळवा उचलला आणि माझ्या कुशीवर सपाट ठेवला. वरून पिल्लं धावत होती. टपटप, टपटप, मग सुर्र, मग बदकन. माझं पोट ढोलासारखं पोकळ, आता बरंचसं रिकामंही झालेलं. प्रत्येक पाऊल माझ्यातून नानांच्या हातात पोचत होतं. नानांचा चेहरा हळूहळू उजळला. तोंड लहान मुलासारखं अर्धवट उघडं राहिलं.

"किती आहेत?" त्यांचे नुसते ओठ हलले.

सूनबाई त्यांच्या कानाला लागली. या वेळी ती खरोखर कुजबुजली. "आई आणि दोन पोरं. घसरगुंडी खेळताहेत."

"रंग?"

"तपकिरी. केसांना जुन्या डायवर नवा डाय बसला की येतो ना, तसा दाट. गळ्याखाली मात्र फिकट, दुधात चहा थोडा कमी पडल्यासारखा."

"दिसलं," नाना म्हणाले. "अगं पोरी, सगळं दिसलं."

तिचा हात भरून आला, पण तिने वल्हं खाली केलं नाही. काकांचा निरोप मिळून परत फिरलेल्या बाकीच्यांना लांबूनच ते उभं वल्हं दिसलं. सगळे जागच्या जागी थांबले. वाऱ्याने हळूहळू त्यांच्या कयाक तशाच आमच्याकडे सरकत आल्या. एरवी दुसऱ्यांची तोंडं उघडणारे डॉक्टर त्या दिवशी स्वतः आ वासून बसले होते. कोणी हललं नाही, कोणी फोटो काढला नाही. शेवटी बेकरीवाल्या काकांना अशी काही शिंक आली, की तिन्ही पाणमांजरं झरझर पाण्यात गेली आणि काकांनी सगळ्यांची हात जोडून माफी मागितली.

मग एकच कल्ला झाला. सूनबाईचे सगळे साठलेले शब्द एकदम बाहेर पडले. डॉक्टर उतरून आले, माझ्याभोवती फिरले, आणि वाळूतलं डबकं बघून त्यांचा चेहरा पडला. "काय करू, नाना," ते म्हणाले. "मला फार वाईट वाटतंय. पण पाणी तर भरलंच ना हिच्यात." त्यांचा चष्मा धुरकटला होता. पुसायला रुमाल काढावा म्हणून त्यांनी खिशात हात घातला. रुमालाबरोबर एक काळी वस्तू बाहेर आली आणि टक्‌कन माझ्या पाठीवर पडली.

सगळे बघतच राहिले. काकांनी ती उचलून नानांच्या हातात दिली. नानांनी तिच्यावरून अंगठा फिरवला. मग असे हसत सुटले, की त्यांना बोलताच येईना.

"डॉक्टर," ते कसेबसे म्हणाले, "काढलं आणि खिशात टाकलं? अहो, हा दात नव्हे!"

डॉक्टर कानांपर्यंत लाल झाले. "कुठला लाल?" नानांनी लगेच सूनबाईला विचारलं. "फाटकापाशी फुलं लावणार होते ना, तस्सा," ती म्हणाली. मग स्वतः डॉक्टरच हसायला लागले. त्यांनी वाकून माझं बूच स्वतःच्या हाताने पिळून बसवलं आणि सगळ्यांसमोर म्हणाले, "ढब्बी कुठेही जात नाही. चुकलो मी. आणि ताई, तुम्ही बोला. खुशाल बोला."

परत येताना मी हलकी होते, कोरडी होते, आणि सगळ्यांच्या पुढे होते. कारण डॉक्टरांनीच मला पुढे काढलं.

आता मी खालून वर, मधल्या फळीवर राहते. पाणमांजरांच्या नखांचे बारीक ओरखडे माझ्या पाठीवर आहेत. नव्या कयाकांना मी ते उगाचच दाखवत असते. फाटकापाशी सूनबाईने दुकानातल्या दोन जुन्या कुंड्या आणून ठेवल्या आहेत, आणि त्यांत फुलंही लाल आहेत.

मित्रांनो, तुमच्याकडेही एखादी जुनी सायकल असेल, छत्री असेल, पेटी असेल. ती कुरकुरायला लागली म्हणून तिच्या कुंड्या करायला निघू नका. आधी तिचं बूच कोणाच्या खिशात राहिलंय का ते बघा. वापरून झालं की धुवा, पुसा, आणि अधूनमधून बाहेर काढा. फळीवर पडून राहण्यासारखं दुखणं नाही. आणि घरात कोणी म्हातारं माणूस 'माझं झालंय फिरून' असं म्हणालं, तर ते मुळीच खरं मानू नका.

त्या रविवारपासून आमच्या क्लबात एक नवी पद्धत पडली आहे. सगळ्या कयाक पाण्याच्या कडेला शेपट्या मागे करून एका ओळीत उभ्या राहतात आणि सगळी माणसं थांबतात. नाना एकेकीपाशी वाकतात, शेपटीवर अंगठा फिरवतात. ते "आहे" म्हणाल्याशिवाय कोणीही पाण्यात उतरत नाही, डॉक्टरसुद्धा नाहीत. सगळ्यात शेवटी ते माझ्याकडे येतात. माझ्यापाशी त्यांचा अंगठा जरा जास्त वेळ रेंगाळतो. मग ते म्हणतात, "आहे. चल सूनबाई, बोलायला लाग."